विहारयात्रा की धम्मयात्रा? : मुंबईची वस्तुसंग्रहालये आणि आपण

आपल्याकडे पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, अलीकडे चित्रपटाचीही होते. वस्तुसंग्रहालयाची समीक्षा मात्र कोणी करीत नाही. संग्रहालय म्हणजे जुन्या वस्तू ठेवण्याची जागा; तिथे जायचे, पाहायचे, थक्क व्हायचे आणि परत यायचे, एवढाच त्याच्याशी आपला व्यवहार. वस्तुत: संग्रहालय हाही एक ग्रंथच असतो. त्याला लेखक असतो, संपादक असतो, प्रकरणे असतात आणि गाळलेली पानेही असतात. कोणती वस्तू काचेत ठेवायची, कोणती तळघरात आणि कोणती मुळातच गोळा करायची नाही, हे कोणीतरी ठरवलेले असते. ठरवणाऱ्याची जात, वर्ग आणि दृष्टी त्या निवडीत उतरलेली असते. पाठ्यपुस्तकातील इतिहासाविरुद्ध आपण बोललो, लिहिलो. दगड, धातू आणि मातीत मांडलेल्या या इतिहासाचे वाचन अजून व्हायचे आहे. प्रस्तुत लेखात मुंबईतील काही संग्रहालयांच्या आधारे ते करण्याचा प्रयत्न आहे.

मुंबईचाच विचार का करायचा? एक तर या शहरात संग्रहालये पुष्कळ आहेत आणि त्यांना दीडशे वर्षांची परंपरा आहे. दुसरे, हे शहर आपल्या माणसांचे आहे. कोकणातून, घाटावरून, मराठवाड्यातून गाव सोडून आलेल्या माणसांनी ते उभे केले. आणि तिसरे, दरवर्षी सहा डिसेंबरला लाखो माणसे दादरला येतात. त्यांतील कितीतरी जण येताजाता राणीची बाग, गेटवे, म्युझियम पाहून घेतात. म्हणजे ज्यांना संग्रहालयाचा प्रेक्षक म्हणून कोणी हिशेबात धरलेले नाही, तेच त्याचे फार मोठे प्रेक्षक आहेत. त्यांच्यासमोर काय मांडले जाते, हा क्षुल्लक प्रश्न नव्हे.

प्रथम दोन मोठ्या संग्रहालयांचा इतिहास पाहू. भायखळ्याचे संग्रहालय १८७२ साली 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम' या नावाने लोकांना खुले झाले. त्याचे मूळ १८५१ च्या लंडन प्रदर्शनाशी आणि १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनाशी जाऊन भिडते. या देशात कोणता कच्चा माल निघतो, कोणते कारागीर काय बनवतात, हे साम्राज्याला मांडून दाखवायचे होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी या संस्थेसाठी खस्ता खाल्ल्या. १९७५ साली तिला त्यांचे नाव देण्यात आले. दुसरे संग्रहालय फोर्टातले. त्याची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सने बसवली. इमारत १९१४ मध्ये पूर्ण झाली, महायुद्धाच्या काळात ती लष्करी इस्पितळ म्हणून वापरली गेली आणि जानेवारी १९२२ मध्ये ती संग्रहालय म्हणून उघडली. १९९८ साली तिला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले.

नामांतराचे मोल आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. एका विद्यापीठाच्या नावासाठी आपण १९७८ पासून १९९४ पर्यंत काय सोसले, हे मराठवाड्याच्या गावोगावच्या जळालेल्या घरांना विचारावे. परंतु नाव बदलले म्हणजे दृष्टी बदलली असे होत नाही, हेही आपण अनुभवाने शिकलो आहोत. राणीचे नाव गेले, राजपुत्राचे नाव गेले. पण संग्रहालयाने जगाकडे ज्या उंचीवरून पाहायचे ठरवले होते ती उंची बऱ्याच अंशी तशीच राहिली. राजा, दानशूर धनिक आणि संग्राहक यांची नावे पाटीवर येतात. ज्याने वस्तू घडवली त्याचे नाव येत नाही.

फोर्टातल्या इमारतीचेच उदाहरण घ्या. तिचा वास्तुविशारद जॉर्ज विटेट. गेटवे ऑफ इंडियाही त्याचाच. भिंतींना कुर्ल्याचा काळसर निळा दगड आणि मालाडचा पिवळसर दगड वापरला आहे. दगड कुठला, हे कागदोपत्री नोंदलेले आहे. तो खाणीतून कोणी फोडला, कोणाच्या पाठीवरून तो वाहिला गेला, घुमटाखालच्या मचाणावर कोण चढले, हे कोणत्याही दालनात सांगितलेले नाही. आत गेल्यावर अकबराचे चिलखत दिसते, टाटा घराण्याने दिलेल्या मौल्यवान वस्तू दिसतात. त्या पाहाव्यात, त्या सुंदरच आहेत. सौंदर्याशी आपले वैर नाही. मात्र ज्या दगडी भिंतीने त्या सौंदर्याला ऊन-पावसापासून सांभाळले आहे, ती भिंतही एक वस्तूच आहे. तिच्यापुढे एक पाटी लावावी असे शंभर वर्षांत कोणाला वाटले नाही. संग्रहालयात वस्तू असते, श्रम नसतो. आपल्या आक्षेपाची सुरुवात इथून होते.

यावर कोणी म्हणेल की भायखळ्याला श्रम दाखवला आहे. खरे आहे. तिथे मातीच्या लहान लहान आकृत्या आहेत. निरनिराळ्या जातीजमातींची माणसे, त्यांची पागोटी, त्यांचे धंदे, गावाचे देखावे. कारागिरी इतकी बारीक की मुले काचेला नाक लावून उभी राहतात. परंतु या आकृत्यांकडे नीट पाहा. त्यांत माणूस नाही, नमुना आहे. पाटीवर नाव असते ते जातीचे किंवा धंद्याचे. एन्थोवेनने १९२० ते १९२२ या काळात मुंबई इलाख्यातील जातीजमातींची जी जाडजूड पुस्तके काढली, त्यांचीच ही मातीची भावंडे. फुलपाखरे टाचणीने टोचून ठेवावीत तशी माणसे त्यांच्या जातीत टोचून ठेवलेली. साहेबाने हे राज्यकारभाराच्या सोयीसाठी केले असेल. पण जात ही निसर्गाने दिलेली गोष्ट आहे, धंदा जन्माबरोबर येतो, हा मनूचा सिद्धांत त्याने काचेच्या कपाटात घालून त्यावर शास्त्राचा शिक्का मारला. मातीचा तो कारागीर भांडत नाही, संप करीत नाही, गाव सोडून जात नाही, तळ्यावर पाणी प्यायला निघत नाही. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. ज्या दशकांत अशा आकृत्या घडत होत्या त्याच दशकांत खरी माणसे आपला साचा फोडून बाहेर पडत होती. संग्रहालयाने साचा जपला, फोडणे जपले नाही.

या संग्रहालयाची दुरुस्ती होऊन ते २००८ मध्ये पुन्हा उघडले. त्यानंतर तिथे समकालीन चित्रकारांना बोलावून जुन्या संग्रहावर भाष्य करायला लावण्याचा उपक्रम झाला, याची नोंद केली पाहिजे. संग्रहालय स्वत:कडे वळून पाहू शकते, हे त्यातून सिद्ध होते. पण हे भाष्य करणारे बहुधा कलाक्षेत्रातले असतात. ज्यांच्या आजोबा-पणजोबांचे नमुने करून ठेवले आहेत, त्यांच्या नातवंडांना विचारून पाटी लिहिली जाईल तेव्हा खऱ्या अर्थाने दुरुस्ती पूर्ण झाली असे म्हणता येईल.

आता सोपाऱ्याकडे वळू. आज पालघर जिल्ह्यात असलेले नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर. तिथे एक टेकाड होते. आजूबाजूचे लोक त्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खोदले, तेव्हा तो कोट नसून बौद्ध स्तूप असल्याचे निष्पन्न झाले. आत एक दगडी पेटी निघाली. तिच्यात एकात एक घातलेले तांब्याचे, चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे आणि सोन्याचे करंडक, सोन्याची फुले, भिक्षापात्राचे तुकडे आणि ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती होत्या. हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आले. सोपाऱ्यालाच सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. तो फोर्टातल्या संग्रहालयात आहे. नवव्या लेखाचा तुकडा जवळच्या भुईगावला सापडला तो १९५६ साली. ज्या वर्षी बाबासाहेबांनी नागपूरला धम्माचे चाक पुन्हा फिरवले, त्याच वर्षी. हा योगायोग आहे आणि योगायोगापेक्षा अधिक काही त्यातून काढू नये. पण तो लक्षात ठेवायला हरकत नाही.

या सगळ्या हकिकतीत अभ्यासकांचे लक्ष करंडकांवर खिळले, ते स्वाभाविकच. मला अधिक विचार करायला लावते ते टेकाडाचे नाव. बुरूड म्हणजे सुपे, टोपल्या विणणारी जात. गावाच्या उतरंडीत तिचे स्थान कुठे, हे वाचकांना ठाऊक आहे. बुद्धाचा विसर पडला, भिक्खू गेले, लिपी वाचता येईनाशी झाली. तरी शेकडो वर्षे लोकांच्या तोंडी त्या जागेचा धनी कोण राहिला? बुरूड. तोही राजा! लोकांनी हे नाव का ठेवले ते आज सिद्ध करता येणार नाही आणि पुराव्यावाचून बोलणे ही आपली रीत नव्हे. पण एक पुरावा जुन्नरच्या लेण्यांत आहे. तिथल्या एका लेखात दानाच्या व्यवस्थेसंबंधी वसकारांच्या म्हणजे बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीचा उल्लेख येतो, कासकारांच्या श्रेणीचाही येतो. बांबू चिरणाऱ्यांची संघटना होती, तिच्याकडे पैसा विश्वासाने ठेवला जात होता आणि तिचे नाव डोंगरात कोरले जात होते. अशी त्यांची त्या काळी प्रतिष्ठा होती. पुढे ती कशी गेली, कोणी घालवली, हा इतिहासाचा प्रश्न आहे. संग्रहालयाच्या पाटीवर 'सोपारा, स्तूपातील अवशेष' एवढेच येते. 'बुरूड राजाचा कोट' हे नाव पाटीवर ठळकपणे आले तर नालासोपाऱ्याच्या लोकलमधून उतरणाऱ्या मुलाच्या डोक्यात किती प्रश्न उभे राहतील!

पाटी कशी लिहावी याचे दुसरे उदाहरण गिरणीचे घेतो. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालय उभारण्याचा प्रकल्प महानगरपालिकेने हाती घेतला. कल्पना योग्यच आहे. जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे काय झाले आणि त्या जमिनींवर कोणाचे मनोरे चढले, हे सर्वांना माहीत आहे. अशा संग्रहालयात साचा येईल, धोटा येईल, भोंगा येईल. प्रश्न असा की धोट्याखाली काय लिहाल? कांडी संपली की कामगाराला नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावा लागे. आणि म्हणून कापड विणण्याच्या खात्यात, जिथे पगार चांगला होता, तिथे अस्पृश्याला प्रवेश नव्हता. त्याचे तोंड लागलेला धोटा इतरांना चालणार नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे स्पष्टपणे मांडला. भांडवलदार आणि कामगार असा सरळ झगडा ज्यांना पाहायचा होता, त्यांना हा धोटा अडचणीचा वाटला. उद्याच्या संग्रहालयात तो केवळ 'कापड विणण्याचे साधन' म्हणून मांडला गेला, तर तो त्या काळाइतकाच खोटे बोलेल. जी वस्तू एका माणसाच्या हातात होती आणि दुसऱ्याच्या ओठांना वर्ज्य होती, तिची गोष्ट पूर्ण सांगितली पाहिजे.

इथे एक कठीण प्रश्न उपस्थित होतो आणि तो आपल्याच घरातला आहे. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. माझ्या आजोबांकडे येसकरकीची काठी होती. धर्मांतरानंतर त्यांनी ती चुलीत घातली, असे घरात आजही सांगतात. गावोगाव हेच झाले. देव नदीत गेले, काठ्या जळाल्या, गावकीची कामे नाकारली गेली. इतिहास शिकवणारा मास्तर म्हणून मला आज ती काठी हवीशी वाटते. पण आजोबांनी केले ते शंभर टक्के बरोबर होते. ती काठी जपणे म्हणजे गुलामी जपणे होते. ती जाळण्यातच त्यांचे माणूस होणे होते. मग आपल्या अपमानाच्या वस्तू संग्रहालयात असाव्यात की नसाव्यात? गळ्यातले मडके, कमरेचा झाडू, येसकराची काठी हे काचेत ठेवून उद्याच्या पिढीला दाखवावे काय?

आपल्यातील अनेकांचे मत आहे की दाखवू नये. आम्हांला पुन्हा त्याच रूपात कोणी पाहू नये, मुलांच्या मनात न्यूनगंड येऊ नये, ही भावना मी समजू शकतो. पण जगात इतरांनी काय केले तेही पाहावे. दलित पँथरने १९७२ साली ज्यांच्याकडून नाव घेतले त्या अमेरिकेतील काळ्या जनतेच्या इतिहासाचे राष्ट्रीय संग्रहालय २०१६ मध्ये वॉशिंग्टनमध्ये उघडले. तिथे गुलामांच्या बेड्या ठेवल्या आहेत. जोहान्सबर्गचे वर्णभेद संग्रहालय २००१ पासून आहे; तिथे प्रेक्षकाला 'गोरा' किंवा 'गोरेतर' असे तिकीट देऊन वेगवेगळ्या दारांतून आत सोडतात. बेडी पाहून काळ्या माणसाची मान खाली जात नाही. बेडी घडवणाऱ्याची जाते. फरक मांडणीचा आहे. भायखळ्याच्या आकृतीसारखे मडके ठेवले तर ते 'महाराचे मडके' होईल. ज्यांनी ते बांधायला लावले त्यांच्या राज्याचे नाव, काळ आणि त्यामागचे शास्त्र पाटीवर लिहिले तर ते पेशवाईचे मडके होईल. वस्तू एकच, मालक बदलेल. माझे मत असे की काठी जाळली हे जसे बरोबर, तशीच ती जाळल्याची गोष्टही संग्रहालयात आली पाहिजे. रिकामी काच ठेवावी आणि खाली लिहावे की ही वस्तू तिच्या वाहकाने अमुक वर्षी स्वत: नष्ट केली. एवढे बोलके दालन मुंबईत दुसरे नसेल.

प्रस्थापितांच्या संग्रहालयांना इतके विचारल्यावर आपल्या स्मारकांनाही विचारले पाहिजे. नाहीतर आपली समीक्षा एकतर्फी ठरेल. दादरच्या हिंदू कॉलनीतील राजगृह हे बाबासाहेबांनी प्रामुख्याने ग्रंथांसाठी बांधलेले घर. परळच्या बीआयटी चाळीतील दोन खोल्यांत मावेनासे झालेले त्यांचे वाचन इथे आले. पन्नास हजारांवर ग्रंथांचा हा संग्रह पुढे मोठ्या प्रमाणात त्यांनीच उभारलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाकडे गेला. राजगृहात आपण जातो, त्यांच्या वस्तूंसमोर हात जोडतो, डोळे भरून येतात. हे नैसर्गिक आहे आणि त्याबद्दल कोणी आपल्याला हिणवण्याचे कारण नाही. परंतु चष्मा, लेखणी, कोट यांच्यापुढे नुसते नतमस्तक होऊन परतलो, तर ज्याने आयुष्यभर व्यक्तिपूजेला विरोध केला त्याच्या घरातून आपण काहीच न घेता परतलो असे होईल. त्या घरात विचारण्याजोगा प्रश्न हा की या माणसाने काय वाचले, समासात काय लिहिले, कोणाशी वाद घातला. इंदू मिलच्या जागेवरील स्मारकाचे भूमिपूजन २०१५ साली झाले. पुतळ्याच्या उंचीबद्दल पुष्कळ चर्चा झाली. ग्रंथालयात कोणती पुस्तके आणि दालनात कोणत्या वस्तू असाव्यात, याबद्दल आपल्या नियतकालिकांतून किती चर्चा झाली? आणि परळ, डिलाईल रोड, वरळी, माटुंगा लेबर कॅम्प इथल्या सामान्य माणसांच्या वस्तू, म्हणजे कलापथकाची ढोलकी, सभेची हस्तपत्रके, रात्रशाळेची पाटी, १९५६ ची रेल्वेची तिकिटे, कोण गोळा करीत आहे? घर बदलताना, चाळ पाडताना त्या रद्दीत जात आहेत. हे नुकसान दुसरे कोणी करीत नाही.

शेवटी पुन्हा अशोकाच्या त्या तुकड्याकडे येतो. सोपाऱ्याच्या दगडावर थोडीच अक्षरे उरली आहेत. पूर्ण मजकूर गिरनारसारख्या ठिकाणच्या प्रतींवरून कळतो. त्याचा आशय असा: पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, शिकार आणि तसल्या करमणुकी हा त्यांचा हेतू असे. प्रियदर्शी राजा राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी संबोधीला गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. तीत श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांची भेट व त्यांना दान, आणि खेड्यापाड्यांतील जनतेला भेटून धम्माविषयी बोलणे व विचारणे, हे येते. प्रवास कसा करावा याविषयीचा हा लेख एका संग्रहालयात पडून आहे आणि आपण त्याच्या जवळून मौजेची सहल म्हणून चालत जातो!

दरवर्षी मी विद्यार्थ्यांना मुंबईला नेतो तेव्हा त्यांना वस्तूंची यादी लिहून आणायला सांगत नाही. प्रत्येक वस्तूला चार प्रश्न विचारायला सांगतो. ही कोणी घडवली? कोणी वापरली? कोणाला वापरू दिली नाही? आणि इथे हिच्याशेजारी काय असायला हवे होते, जे नाही? तिसऱ्या प्रश्नापाशी वर्ग हमखास गप्प होतो आणि मग घरच्या गोष्टी निघू लागतात. कोणी आजीच्या सुपाबद्दल सांगतो, कोणी बापाच्या रापीबद्दल. त्या गोष्टी लिहून घेणे, वस्तू मिळाल्यास त्या नाव, गाव, वर्षासह जपणे, हे आपल्या प्रत्येक महाविद्यालयात, प्रत्येक बुद्धविहारात होऊ शकते. त्याला घुमट लागत नाही. एक कपाट, एक वही आणि नेमाने लिहिणारा एक माणूस लागतो. मोठ्या संग्रहालयांकडे पाटी बदलण्याची मागणी आपण करावी, संघटितपणे आणि पुराव्यानिशी करावी. पण ती मागणी करायला जाताना आपले कपाट रिकामे असता कामा नये.